इंटर्नशिपचे चार आठवडे कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये घालवू का?

गोठ्यातला_गोट्या

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी व्हेटरनरीला आहे, साडेचार वर्षं संपली, आता इंटर्नशिपचं वर्ष चालू आहे. घर मराठवाड्यात, दोन म्हशी आणि एक बैलजोडी. आबांच्या डोक्यात एकच, पोरगा एमपीएससी देऊन एलडीओ म्हणजे सरकारी पशुधन विकास अधिकारी होणार आणि तालुक्याच्या दवाखान्यात खुर्चीवर बसणार. मलाही आत्तापर्यंत तेच वाटत होतं. पण झालं असं की चार आठवडे बाहेर करायची परवानगी मिळतेय आणि एका सीनियरच्या ओळखीनं पुण्याजवळच्या एका शेल्टरमध्ये जागा आहे. तिथं एबीसी म्हणजे नसबंदी पण होते आणि अपघातातली, म्हातारी, आंधळी अशी कायमची ठेवलेली कुत्री पण आहेत. राहायची सोय त्यांची, जेवायचं आपलं आपण.

कॉलेजात सांगितलं तर सगळे हसले. एक सर म्हणाले भटकी कुत्री धुवायला शिकलास का एवढं. बाकीची पोरं शहरातल्या पेट क्लिनिकला चाललीत, एसी आहे, लॅब्राडोर आहेत, ओळखी होतात.

खरं सांगायचं तर कुत्रीची नसबंदी मी आत्तापर्यंत तीनदा लांबून बघितली आणि एकदा स्क्रब होऊन टेबलाजवळ उभा राहिलो, तेव्हा पण माझ्या हातात फक्त आर्टरी फोर्सेप होता आणि माझ्या मागं अठरा जण मान वर करून बघत होते. उद्या कुणी ब्लेड हातात दिलं तर मी कुठून सुरू करणार हे मलाच माहीत नाही.

तर विचारायचं हे की चार आठवड्यांत साधारण किती सर्जरी हाताला लागतात? शेल्टर मेडिसिन हा खरंच वेगळा विषय आहे की नुसतं भारी नाव दिलंय? आणि आईला रेबीजची भयंकर भीती आहे, रोज फोनवर तेच, तिला काय सांगू? भटक्या कुत्र्यांवरून सुप्रीम कोर्टाचं जे चालू आहे त्यात ह्या लाईनला पुढं काही आहे का तेही कुणी सांगा.

टाका_पक्का

गोट्या, डोळे झाकून जा म्हणणार होते पण उघडे ठेवूनच जा, कारण शेल्टर शेल्टरमध्ये जमीन अस्मानाचा फरक असतो.

मी नऊ वर्षं एबीसीत आहे. किती सर्जरी मिळतील हा प्रश्न प्रत्येक इंटर्नचा पहिला प्रश्न असतो आणि मला त्याचा राग नाही, मी पण तोच विचारला होता. पण माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी पहिला आठवडा ब्लेड देतच नाही. भूल द्यायची आणि कुत्रं शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ बसायचं, एवढंच काम. पोरं वैतागतात. पण कुत्रं काट्यावर न ठेवता "असेल पंधरा किलो" म्हणून झायलाझिन केटामाइन ही भुलीची औषधं भरणारा माणूस कितीही सुंदर टाके घालत असला तरी माझ्या टेबलाला नको. रस्त्यावरचं कुत्रं पकडायच्या आधी काय खाऊन आलंय हे तुला कुणी सांगत नाही, झायलाझिनने उलटी होते, आणि अर्धवट भूल चढलेल्या कुत्र्याच्या घशात भाताचा गोळा गेला की मग धावपळ. म्हणून आदल्या दिवशी पकडायचं, रात्री उपाशी ठेवायचं, सकाळी वजन करायचं. उठताना गार फरशीवर नाही तर गोणपाटावर ठेवायचं, अंग गार पडलं की उठायला वेळ लागतो. हे सगळं पुस्तकात आहे, पण पुस्तकात एका वेळी एकच कुत्रं असतं, इथे बारा असतात.

सर्जरीचं म्हणशील तर दोन रस्ते आहेत, पोटाच्या मधोमध किंवा उजव्या कुशीतून. आपल्याकडे एबीसीत कुशीतून करणारे बरेच आहेत, जखम लांबूनही दिसते आणि टाके सुटले तरी आतडी बाहेर यायची भीती कमी. उजवीच का, तर उजवी ओव्हरी पुढे बसलेली असते, ओढायला अवघड, म्हणून तिच्या बाजूने शिरायचं. पण डावी शोधताना नवशिक्याला घाम फुटतो. माझा सल्ला, आधी मधोमध शीक. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कुठे चुकतंय ते शिकवणाऱ्यालाही कळतं.

आता माझीच एक गोष्ट सांगते. नोकरीचा तिसरा महिना असेल. काळी कुत्री, माजावर आलेली, माजावर रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात हे माहीत होतं तरी डाव्या बाजूची गाठ बसली म्हणून सोडली, परत ओढून बघितली नाही. संध्याकाळी साडेसहाला राउंडला गेले तर ती कोपऱ्यात पडून, मला बघून शेपूट हलवली पण उठली नाही. ओठ वर करून बघितला तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. तशीच उचलून टेबलावर घेतली, उघडली तर पोटात रक्तच रक्त, गाठ सरकलेली. वाचली ती. सीनियर ओरडले नाहीत, फक्त विचारलं, राउंड आठला असता तर? तेव्हापासून आमच्याकडे सर्जरीच्या दिवशी दर तासाला कुणीतरी प्रत्येक कुत्रीचा ओठ वर करून बघतं, मग ती कितीही भुंको.

म्हणून जायच्या आधी त्यांना फोन कर आणि एवढंच विचार. प्रत्येक कुत्र्याला वेगळा निर्जंतुक पॅक उघडता की एकच सेट स्पिरिटमध्ये बुडवून सगळ्यांना? रात्री तिथे कोण असतं? आणि मेलेल्या कुत्र्यांचं रजिस्टर आहे का? "आमच्याकडे मरतच नाहीत" असं उत्तर आलं तर दुसरं शेल्टर बघ.

रविवारची_मावशी

मी डॉक्टर वगैरे नाही हो, दर रविवारी एका शेल्टरला जाऊन भात शिजवणारी आणि पिल्लांना घास भरवणारी बाई आहे. पण शिकाऊ डॉक्टर काय करू शकतो ते डोळ्यांनी बघितलंय म्हणून लिहिते, मोठं झालं तर माफ करा.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्याकडे पार्व्हो शिरला, म्हणजे पिल्लांना रक्ताचे जुलाब लावणारा विषाणू. चौदा पिल्लं होती, आठवड्याभरात तीन उरली. त्या रक्ताच्या जुलाबांचा वास मला अजून स्वैपाक करताना मधेच येतो, असो. डॉक्टर येऊन सलाईन लावून जायचे, आम्ही रात्ररात्र बसायचो, फिनाईलने दिवसातून तीनदा फरशी पुसायचो. तरी रोज एक नवीन पिल्लू पडायचं, ते पण लांबच्या खोलीतलं, आजाऱ्यांच्या जवळपासही न गेलेलं. आम्ही म्हटलं हवेतून येतंय.

तेव्हा एक मुलगी इंटर्नशिपला आली होती, तुझ्याच वयाची. तिने पहिल्या दिवशी कुणालाही इंजेक्शन दिलं नाही. वही घेऊन सकाळी सात ते अकरा आमच्या सफाईच्या मामांच्या मागे मागे फिरत राहिली. मामा वैतागले, म्हणाले ही सीआयडी कुठून आणली. अकरा वाजता तिने वही दाखवली. नळ आजारी पिल्लांच्या खोलीशेजारी आहे. बादली तिथे भरते, म्हणून पुसायला सुरुवात पण तिथूनच होते, आणि तोच पोछा, तेच पाणी घेऊन मामा एक एक खोली करत धडधाकट पिल्लांपर्यंत जातात. आम्हीच पार्व्हो घरपोच देत होतो!!

मग तिने सगळं उलटं केलं. आधी धडधाकट पिल्लं, मग मोठी कुत्री, आजारी सगळ्यात शेवटी, त्यांची बादली पोछा चपला सगळं वेगळं, त्या बादलीला लाल चिकटपट्टी. आणि फिनाईल बंद. म्हणाली त्या वासाने माणसांना स्वच्छ वाटतं, पार्व्होला काही होत नाही. आधी साबणाने घाण काढायची, मग हायपोक्लोराइट, एक लिटर पाण्यात साधारण तीस मिली, आणि दहा मिनिटं ओलंच ठेवायचं, लगेच पुसायचं नाही. पाणी रोज ताजं करायचं. घाणीवरच ओतलं तर काही उपयोग नाही, हे तिने मामांना इतक्यांदा सांगितलं की आता मामा आम्हाला सांगतात.

तिने तिथे सर्जरी किती केल्या मला माहीत नाही.

तालुका_दवाखाना

मी तो खुर्चीवर बसलेला एलडीओ. खुर्चीवर बसायला मिळतं हा गैरसमज आधी काढून टाक बाळा, मोटरसायकलवर बसायला मिळतं.

मी आधी लिहिणार होतो की शहरातल्या लोकांचे हे चोचले आहेत. एक दुभती गाय गेली तर एका घराचा सगळा हिशोब कोलमडतो, तिथं कुत्र्यांच्या आश्रमात चार आठवडे कशाला, त्यापेक्षा माझ्याकडे ये, अडलेली म्हैस सोडवायला शिकवतो, आयुष्यभर कामाला येईल. हे सगळं टाईप करून झालं होतं. मग मावशींचा नळाचा किस्सा वाचला आणि गप्प पुसून टाकलं.

कारण हे तर आपलंच आहे की. पोल्ट्रीवाला शेडमध्ये जाताना पाय कशात बुडवतो, आधी लहान पक्ष्यांच्या शेडला जायचं मग मोठ्या, नवीन जनावर आणलं की थेट दावणीला बांधायचं नाही, हे तू तिसऱ्या वर्षाला पाठ करून पेपरात लिहिलंस. कळपाचं वैद्यकशास्त्र. कुत्र्याचं म्हटलं की आपण एकदम माणसांच्या डॉक्टरसारखे वागायला लागतो, एक पेशंट एक केसपेपर. शेल्टर म्हणजे गोठाच आहे, फक्त प्रत्येकाला नाव ठेवलेलं.

२०२२ ला लम्पी आला तेव्हा आम्ही गोटपॉक्सची लस घेऊन गावोगाव फिरत होतो. एका वाडीवर दोनशे जनावरं उभी, लोक तावातावाने "आमचं आधी" म्हणतायत, आणि सुयांचा डबा संपत आलेला. प्रत्येक जनावराला नवी सुई हवी हे मला काय माहीत नव्हतं? पण त्या गर्दीत थांबून "सुया येईपर्यंत काम बंद" म्हणायला वेगळीच हिंमत लागते, मला दहा मिनिटं लागली ती गोळा करायला. शिव्या खाल्ल्या. ते शिक्षण कुठल्या कॉलेजात नाही. कुत्र्यांच्या शेल्टरला मिळत असेल तर जा बाबा. परत आल्यावर म्हशीसाठी माझ्याकडे ये.

सॅक्रामेंटोचा_सदू

उशीर झाला, इकडे आत्ता सकाळ झाली. मी परळच्या बॉम्बे व्हेटरनरी कॉलेजचा, आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियात, पैकी सहा शेल्टरमध्ये.

वेगळा विषय आहे का, तर हो, पण फार जुना नाही. १९९९ ला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शेल्टर मेडिसिनचा कोर्स सुरू झाला, पुढच्या दोनेक वर्षांत कॅलिफोर्निया विद्यापीठात, डेव्हिसला, ह्याचा स्वतंत्र कार्यक्रम आला, आणि २०१४ पासून अमेरिकेत ही मान्यताप्राप्त स्पेशालिटी आहे. शेल्टरच्या व्हेट लोकांच्या संघटनेने २०१० ला एक मार्गदर्शिका काढली, २०२२ ला तिची दुसरी आवृत्ती आली, नेटवर फुकट आहे, जायच्या आधी निदान गर्दी आणि सफाईची प्रकरणं वाचून जा.

इथे विद्यार्थी आले की मी त्यांना पहिल्या दिवशी कॅल्क्युलेटर देतो. रोज किती येतात गुणिले सरासरी किती दिवस राहतात, म्हणजे तुमच्याकडे कायम किती असणार. तुझ्या एबीसीचं घे. रोज १० कुत्री आणतात, ५ दिवसांनी सोडतात, म्हणजे ५० पिंजरे लागणार. समजा त्यांच्याकडे ६० आहेत, निवांत. आता सोडायची गाडी बिघडली किंवा ड्रायव्हर गावाला गेला, ५ चे ८ दिवस झाले. ८० कुत्री, पिंजरे ६०च. मग एकात दोन, भांडणं, टाके उसवणं, खोकला एकाकडून दुसऱ्याकडे. सगळे म्हणतील अँटिबायोटिक बदला. औषध काय आहे ह्यावर? गाडी दुरुस्त करा!! मावशींच्या शेल्टरचा रोग नळात होता तसा इथे गाडीत आहे. हे बघायची सवय लागली की तू निम्मा शेल्टर व्हेट झालास.

दुसरी गोष्ट लसीची. खाजगी क्लिनिकमध्ये आपण शिकतो की जनावर तंदुरुस्त असेल तर लस द्या. शेल्टरला उलटं. गेटमधून आत येताक्षणी पार्व्हो आणि डिस्टेंपर ह्या दोन विषाणूंची जिवंत लस, उद्या नाही, तपासणी झाल्यावर नाही. थोडी सर्दी, थोडी जखम असली तरी. कारण तो आज रात्री कुणाच्या शेजारी झोपणार हे तुला माहीत नाही. पिल्लांना चार ते सहा आठवड्यांपासून सुरू करून दर दोन आठवड्यांनी, पाच महिन्यांची होईपर्यंत. खर्च आहे, मान्य. पण चौदातली अकरा पिल्लं गेली त्याचा खर्च कुणी मांडलाय?

एक मात्र लक्षात ठेव, इकडचं सगळं तिकडे जसंच्या तसं लागू होत नाही. इकडे कुत्रा दत्तक जायला येतो. आपल्याकडे एबीसीचा कुत्रा त्याच्या गल्लीत परत जायला येतो, २०२३ च्या नियमांत तेच आहे, जिथून उचलला तिथेच सोडायचा. म्हणजे त्याचं घर गल्ली आहे, शेल्टर म्हणजे फक्त वॉर्ड. पण २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने शाळा, हॉस्पिटलं, बस डेपो, रेल्वे स्टेशनं अशा ठिकाणची कुत्री उचलून शेल्टरला न्यायला आणि तिथे परत न सोडायला सांगितलं. बरोबर की चूक ह्यावर मला इथे वाद घालायचा नाही, त्याला वेगळे धागे आहेत. पण माझं वरचं गणित बघ, "राहायचे दिवस" मध्ये ५ च्या जागी आता कुत्र्याचं उरलेलं आयुष्य टाक. पुढं काही आहे का विचारलंस ना? हे गणित करता येणारे व्हेट आपल्याकडे किती आहेत ते तूच सांग.

नाक्यावरचा

एवढी चर्चा कुत्र्यांची. आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात तिघांना चावलं त्याचं काय? लहान पोरगी आहे त्यात एक. डॉक्टर लोकांनी त्यावर पण दोन ओळी लिहा.

टाका_पक्का

@नाक्यावरचा, राग बरोबर आहे तुमचा. त्या मुलीच्या सगळ्या लसी वेळेवर पूर्ण करा एवढं आधी बघा, मधला एकही डोस चुकवायचा नाही. आणि ज्या कामाची इथे चर्चा चाललीय ते काम तुमच्या नाक्यावर नीट झालं असतं तर ही वेळ आली नसती. रेबीज थांबवायचा तर एका भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस पोचावी लागते, चार कुत्र्यांना टोचून फोटो काढून होत नाही. गोव्याने वर्षानुवर्षं घरोघरी गल्लोगल्ली हेच केलं आणि २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. त्या कामात हात चालवणारे शिकावेच लागतात कुठेतरी.

@गोट्या, आईसाठी. जायच्या आधी प्रतिबंधक लस घे, ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. आत्ताच सुरू कर, तिथे गेल्यावर नाही. मग चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि ० व ३ ऱ्या दिवशी दोनच डोस, सिरमची गरज नाही. "छोटंसंच लागलंय" म्हणून कुणाला न सांगता फिरणारा इंटर्न मी दुसऱ्या दिवशी घरी पाठवते. आईला सांग की लस घेतलेला व्हेट हा लस न घेतलेल्या शेजाऱ्यापेक्षा सुरक्षित असतो.

आणि भीती वाटायला हवी ती चवताळून अंगावर येणाऱ्या कुत्र्याची नाही, त्याला सगळेच घाबरतात. गरीब गाईसारखा बसलेला, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, आणि आणणारा माणूस म्हणतोय "डॉक्टर घशात हाड अडकलंय बघा". तिथे हात घालायचा नाही!! मुका रेबीज असाच दिसतो. हातमोजे असले तरी नाही. आधी वेगळा ठेवायचा, आणि त्याला कुणी कुणी हात लावला त्यांची नावं तिथल्या तिथे लिहून काढायची, रिक्षावाल्यासकट.

अजून एक, जे कुणी आधी सांगत नाही. चार आठवड्यांत एखादं तरी कुत्रं असं येईल ज्याचं काहीच करता येणार नाही, ट्रकखाली आलेलं, कंबर पूर्ण गेलेली. बरं न होणाऱ्याला शांतपणे जाऊ द्यायची सोय नियमात आहे, आणि ते कागदावर नीट लिहूनच करायचं. ते इंजेक्शन देताना तू तिथे थांब, बाहेर जाऊ नको. आधी भूल, मग ते. कुणीतरी डोक्यावर हात ठेवलेला असावा. संध्याकाळी जेवण जात नाही, ठीक आहे, दुसऱ्या दिवशी जातं. चौथ्या दिवशीही जात नसेल तर कुणाशी तरी बोल. आमच्या लाईनमध्ये हे न बोलता सोडून गेलेली चांगली पोरं मी बघितलीत.

सर्जरीचा हात पुढे पक्का करायचा असेल तर वर्ल्डवाइड व्हेटरनरी सर्व्हिसची ट्रेनिंग सेंटरं उटीला आणि गोव्यात आहेत, साधारण दोन आठवड्यांचा कोर्स असतो. पण तो नंतर.

गोठ्यातला_गोट्या

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. ताई, तुम्ही सांगितलं तसा फोन केला. पॅक वेगळे आहेत म्हणाले. रात्री एक मामा असतात. मेलेल्यांचं रजिस्टर विचारलं तर पलीकडून बराच वेळ आवाज नाही, मग मॅडम म्हणाल्या आहे पण फेब्रुवारीपासून लिहायचं राहिलंय, तू आलास की लिही. प्रामाणिक वाटल्या म्हणून हो म्हणून टाकलं. लसीचे दोन डोस झालेत, तिसरा तिथं गेल्यावर आठवड्याभरात. आबांना एलडीओ साहेबांचा प्रतिसाद वाचून दाखवला, "गोठाच आहे" म्हटल्यावर जरा मऊ पडले.

गोठ्यातला_गोट्या

अपडेट. आज इथं पाचवा दिवस.

ब्लेड अजून मिळालेलं नाही. काल एक शिवण घालायला मिळाली, वरची कातडीची, चार टाके, मॅडमनी त्यातले दोन काढून परत घालायला लावले. बाकी वेळ वजनं, भूल, ओठ वर करून बघणं. एका तांबूस कुत्रीनं ओठ वर केल्यावर माझा अंगठा दातात धरला आणि तसाच धरून ठेवला, चावली नाही. सोडायची वाट बघत मी पण तसाच बसलो.

सदूदादा, तुमचा कॅल्क्युलेटर पहिल्याच दिवशी काढला आणि तिथंच अडकलो. गणितात घालायला आकडा पाहिजे ना, तर आज इथं कुत्री किती? ऑफिसच्या फळ्यावर ८४. मी वही घेऊन पिंजरा पिंजरा फिरलो, मागच्या अंगणात पण जाऊन आलो, ९१ भरली. मॅडम म्हणाल्या चुकला असशील, परत मोज. परत मोजली, ९१. मामांना विचारलं तर ते जरा इकडं तिकडं बघायला लागले, मग म्हणाले रात्री लोक गेटला बांधून जातात, सकाळी भुंकून झोपमोड नको म्हणून मी आत घेतो. केव्हापासून? तर म्हणे दिवाळीपासून. नोंद नाही, लस नाही, आणि घेतलेली ठेवलीत कुठं, तर पिल्लांच्या शेजारच्या मोकळ्या खोलीत, कारण तिचीच कडी नीट लागते.

आज दिवसभर त्या सातांना लस टोचून, बिल्ले घालून, रजिस्टरला चढवून, अंगणापलीकडच्या जुन्या स्टोअर रूममध्ये हलवलं. कडी उद्या बसवणार आहेत, आज तारेनं बांधलीय. मामांना गेटला लावायला एक वही दिलीय, लिहिता येत नाही म्हणाले, मग ठरलं की रात्री आलेल्या प्रत्येक कुत्र्यामागं एक काडी ओढायची.

पिल्लं एकोणीस आहेत. अजून तरी सगळी खातायत. पार्व्हो शिरलाय का ते कळेपर्यंत चौदा दिवस मोजत बसायचं म्हणाल्यात मॅडम.

तालुका_दवाखाना

आज किती काड्या?

गोठ्यातला_गोट्या

दोन, साहेब.